झाड ओळखा खेळात माझंच चुकलं, पुढचे फोटो कसे काढू?

खानापूरची_टीचर

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. माध्यम मराठी, पण वर्गात घरी कन्नड बोलणारी, कोकणी बोलणारी पोरंपण आहेत, आमच्याकडं ते तसंच असतंय. जूनपासून शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा अर्धा तास आम्ही एक खेळ खेळतो. मी मोबाईलला चिमट्याची छोटी लेन्स लावून एखाद्या झाडाचा अगदी जवळून फोटो काढते, त्याची प्रिंट फळ्यावर चिकटवते आणि पोरांनी चिठ्ठीवर झाडाचं नाव लिहून द्यायचं. एवढाच खेळ, पण पोरं शुक्रवारपासनंच विचारूलालेत टीचर उद्या काय आहे, उद्या काय आहे. पावसात पण शनिवारची हजेरी पडत नाही.

आता अडचण सांगते. गणपतीनंतरच्या एका शनिवारी मी एका फुलाच्या पोटातला फोटो लावला होता. फिकट पिवळ्या पाकळ्या, मधोमध गडद, जवळजवळ काळपट लाल डाग आणि त्यातनं वर आलेला दांडा, त्याला बारीक बारीक परागाच्या घुंड्या. माझं उत्तर होतं अंबाडी. निम्म्याच्या वर पोरांनी भेंडी लिहिलं, चार-पाच जणांनी कापूस, काहींनी अंबाडी, आणि एका पोरानं लिहिलं पुंडी. माझं माहेर देवगडकडचं, लग्न होऊन इकडं आले, पुंडी हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. मी चिठ्ठीवर फुली मारली. पोरगं काही बोललं नाही, गप जाऊन बसलं. सोमवारी सकाळी त्यानं मुळासकट उपटलेलं झाड आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, टीचर आमच्या घरात ह्येला पुंडीच म्हणतात, आई भाजी करते. झाड तेच होतं. ज्याला पानापासून फुलापर्यंत सगळं माहीत होतं त्यालाच मी चूक दिली, हे दोन दिवस मनातनं जाईना.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे किती जवळ जायचं आणि झाडाचा कुठला भाग घ्यायचा, म्हणजे अवघड असलं तरी ओळखता येईल असं? कारण भेंडी लिहिणाऱ्यांचं तरी काय चुकलं, फोटो बघितला तर मलासुद्धा आता भेंडीच वाटतंय. दुसरं म्हणजे नावं कुठली बरोबर धरायची?

येत्या शनिवारचा फोटो इथं टाकणार होते पण अपलोड होईना, म्हणून शब्दांत सांगते, बघा ओळखता येतंय का. हिरवट पिवळा रंग, थोडी जांभळी झाक. खाली पांढरट पट्टी, बोटानं पुसली तर निघेल अशी, पावडर लावल्यागत. तिच्यावर एक करडी कडा गोल फिरलेली. कडेच्या वर बारीक ठिपक्यांच्या दोन-तीन ओळी, त्यापण गोल. आणि त्या ठिपक्यांत एक चपटा त्रिकोण अंगाला चिकटून बसलाय, मिटलेल्या चोचीसारखा.

---

निपाणीकर_शेती

टीचर ऊस हो! दुसरं काय नाही. त्रिकोण म्हणजे डोळा, करडी कडा म्हणजे पाचट जिथनं सुटलं ती जागा, पांढरी पट्टी म्हणजे मेण. आणि ते ठिपके साधे ठिपके नव्हेत, ती मुळं हायत. टिपरी म्हणजे उसाचा तुकडा जमिनीत घातला की त्या ठिपक्यातनंच पहिली मुळं बाहेर पडत्यात, डोळ्यातनं कोंब येतो, आणि कोंबाला स्वतःची मुळं येस्तोवर ह्याच मुळांवर तो जगतो. लागणीच्या, म्हणजे ऊस लावायच्या वेळी आमी टिपरीचा डोळा फुटका हाय का बघतो पण ठिपके कोण बघतंय. हा फोटो मला लई आवडला, न बघता आवडला. ज्या पोराच्या घरात लागण चाललीया ते पोरगं एका सेकंदात सांगंल आणि पुस्तकातला हुशार बसंल डोकं खाजवत. लावाच हा फोटो.

आमच्या गावाकडचं एक सांगतो. निपाणी म्हणजे तंबाखू, जन्मल्यापासनं बघतोय. पण तंबाखूच्या फुलाचा जवळनं फोटो काढून आमच्याच गल्लीतल्या पोरांना दावला, गुलाबी, लांब नळी, तोंडाला पाच कोन, एकाला पण सांगता आलं नाही. कारण काय तर शेतात फूल बघायलाच मिळत नाही, कळी दिसायच्या सुमाराला शेंडा खुडतो आमी, म्हणजे सगळा जोर पानात जातो. बियाण्याला चार झाडं राखायची तेवढ्यालाच फूल. त्याच पोरांना पानाचा फोटो दावला, पानावरची लव आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, तर लगेच तंबाखू तंबाखू म्हणून ओरडली. दिवसभर पानं हाताळली की हाताला काळा चिकटा बसतो तो त्या थेंबांचाच, साबणानं पण लवकर निघत नाही, तो सगळ्यांच्या घरातला. त्यामुळं माझं मत असं की फुलाच्या मागं लागूच नका, हाताला जे लागतंय त्याचा फोटो काढा. उसाची कूस, भेंडीची लव, वांग्याच्या देठाचा काटा, मिरचीचा देठ जिथं टोपीत बसतो ती जागा. संकेश्वरी मिरचीवाली पोरं असतील तर देठावरनं जात सांगतील तुमाला.

आणि तंबाखूचं बी जमलं तर दावा त्यांना. एका ग्रॅममध्ये १०,००० च्या वर दाणे बसत्यात. लेन्सखाली घेतलं तर प्रत्येक दाण्यावर जाळीची नक्षी असती, नुसत्या डोळ्याला ती चहापावडरची धूळ वाटती.

---

टिळकवाडी_सकाळ

टीचर, मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालो, आता रोज सकाळी बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात फिरतो, त्यामुळं तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. जरा लांब लिहितोय, माफ करा.

तुमच्या अंबाडीच्या फोटोत चूक पोरांची नाही आणि तुमचीपण फारशी नाही. तुम्ही नेमका तो भाग निवडलात जो सगळ्या भावंडांत सारखा असतो. भेंडी, कापूस, अंबाडी, जास्वंद ही सगळी एकाच घराण्यातली. मधला दांडा, त्यात केसरांच्या नळीतनं बाहेर आलेला कुक्षीचा देठ, ही त्या घराण्याची खूण आहे. पिवळी पाकळी आणि तळाशी लाल डाग हे भेंडीत, अंबाडीत, देशी कापसातपण दिसतं. म्हणजे तुमच्या फोटोवरनं घराणं ओळखता येतं, माणूस नाही. ज्यांनी भेंडी लिहिलं त्यांनी घराणं बरोबर ओळखलं, त्यांना अर्धा मार्क द्यायलाच पाहिजे असं माझं मत.

आता तेच फूल हातात घ्या आणि उलटं करा. मागून बघा. कापूस असेल तर फुलाखाली तीन मोठी, कडेनं फाटल्यासारखी झालर असलेली हिरवी पानं दिसतील, चुकूच शकत नाही, बैलहोंगल सौंदत्तीकडची पोरं तर झोपेत सांगतील. भेंडी आणि अंबाडी दोन्हीला तिथं बारीक दोऱ्यासारख्या सात-आठ, कधी जास्त पट्ट्या असतात, म्हणून तिथं जरा थांबायचं आणि त्याच्या आतली हिरवी वाटी बघायची. भेंडीची वाटी एका बाजूनं चिरते आणि फूल गळताना पाकळ्यांबरोबर तीपण गळून जाते, म्हणून कोवळ्या भेंडीच्या देठाशी पाकळ्यांसारखं काही राहिलेलं नसतं. अंबाडीची वाटी पाच टोकांची, केसाळ, आणि ती फळ पिकेपर्यंत तशीच राहते. भिंगातनं बघितलं तर अंबाडीच्या त्या प्रत्येक टोकाच्या मधल्या शिरेवर एक छोटी गाठ दिसते, ती मधाची ग्रंथी, तिथं मुंग्या घुटमळत असतात. ह्या गाठीचा फोटो काढून लावा. अवघड आहे पण अन्याय नाही, कारण उत्तर फोटोतच आहे.

मी विद्यार्थ्यांना हेच सांगायचो की फुलाचं तोंड माशीसाठी असतं, आपल्याला ओळख पटवायची असेल तर पाठ बघायची.

असेच दोन-तीन फोटो सुचवतो. लाजाळूचा गुलाबी गोंडा आणि शिरीषाचा गोंडा जवळून सारखेच वाटतात. गोंडा म्हणजे एक फूल नव्हे, बारीक फुलांचा गुच्छ आहे, आणि गुलाबी दोरे म्हणजे पुंकेसर. लाजाळूच्या एका फुलात ते चारच असतात, शिरीषात पुष्कळ आणि खाली एकत्र जुळून त्यांची नळी झालेली. हा फरक टाचणीनं एक फूल सुटं केलं की दहावीच्या पोरांना सहज मोजता येतो. घाणेरीचा एकच गुच्छ घ्या, मधली फुलं पिवळी, कडेची गुलाबी, आणि विचारा की ही दोन जातीची फुलं आहेत का. नाहीत, प्रत्येक फूल पिवळं उमलतं आणि वय झालं की गुलाबी होतं, फुलपाखरं बहुतेक पिवळ्याकडंच जातात. आणि कढीपत्त्याचं पान उजेडाकडं धरून खालून फोटो काढा, पानात सुया टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबू, बेल, कढीपत्ता तिघांतही दिसतात, तीपण भावंडंच. पोरांना हे आधी सांगू नका, तिन्ही पानं हातात द्या आणि त्यांनाच शोधू दे.

नावाबद्दल सकाळी चहा झाल्यावर लिहितो.

---

अनगोळची_सई

सर मस्त! टीचर, एक प्रॅक्टिकल सांगू का, गूगल लेन्सचा त्रास होत नाही का तुम्हाला? आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर असाच खेळ सुरू केला तर पहिल्या मिनिटात सगळ्यांचं उत्तर एकच, कारण सगळ्यांनी तेच ॲप उघडलेलं. मग आम्ही बदललं. फूल पूर्ण दाखवायचंच नाही, साल, काटा, पानाची मागची बाजू, आडवी चिरलेली काडी असं टाकायला लागलो. त्यात ॲप बऱ्याचदा फसतं. तुळशीची काडी आडवी कापली तर चौकोनी दिसते, पारिजातकाची कोवळी काडीपण चौकोनी, ॲपला काय कळणार. पण हातात दिली तर आंधळ्या कोशिंबिरीतसुद्धा ओळखता येतात, तुळशीला वास आणि पारिजातकाचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत. शाळेत तर तुम्ही वास पण देऊ शकता, आम्हाला ग्रुपवर ते जमत नाही.

फोटो काढताना शेजारी मोहरीचा किंवा तांदळाचा दाणा ठेवा, नाहीतर लाजाळूचा गोंडा कदंबाएवढा वाटतो. वाऱ्यात फोटो हलतो म्हणून सकाळी लवकर काढायचा, एका हाताच्या दोन बोटात काडी धरून मनगट मोबाईलला टेकवायचं. फ्लॅश नको, सगळी लव पांढरी होऊन जाते. लेन्स नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा एक छोटा थेंब ठेवून पण जवळचं मोठं दिसतं, पोरांना घरी करता येईल, फक्त मोबाईल आडवा धरून हळूच, थेंब लेन्सच्या बाहेर पसरू द्यायचा नाही.

---

मराठी_बाणा_बेळगाव

मला जरा वेगळं वाटतंय, कोणाला दुखवायचं नाही. शाळा मराठी माध्यमाची आहे तर उत्तर मराठीतच बरोबर धरावं. आमच्या पिढीनं आजीच्या तोंडनं ऐकलेली झाडांची नावं आमच्याच पोरांना येत नाहीत. आघाडा कुठला म्हटलं तर गणपतीच्या पत्रीतला म्हणून सुद्धा सांगता येत नाही, बाजारातनं जुडी आणायची आणि वाहायची. आघाड्याचं बी पँटला चिकटून घरापर्यंत येतं तरी नाव माहीत नाही. त्यात आणि दुसऱ्या भाषेतली नावं चालतील म्हटलं तर मराठी नाव कोण लक्षात ठेवणार?

---

टिळकवाडी_सकाळ

बाणासाहेब, तुमची काळजी खरी आहे, मलापण तीच आहे. पण तो पोरगा पुंडी म्हणाला म्हणून अंबाडी शब्द मरत नाही हो, त्याला पुंडी माहीत आहे म्हणूनच अंबाडी लगेच कळेल, कारण झाड त्याच्या परसात आहे. ज्याला झाडच माहीत नाही त्याला नाव शिकवून ते परीक्षेपुरतं राहतं. माझी सूचना अशी की घरातलं नाव लिहिलं तर पूर्ण मार्क, आणि त्याच झाडाचं मराठी नाव पण लिहिलं तर एक जादा. म्हणजे मराठी शिकायला बक्षीस मिळतं आणि कुणाला घरातल्या भाषेबद्दल फुली मिळत नाही. आणि उलटं पण करा, मराठी घरातल्या पोरानं कन्नड नाव सांगितलं तर त्यालाही एक जादा. पळसाला मुत्तुग, कडुनिंबाला बेवू, रुईला एक्के, फणसाला हलसू. बाजारात भाजी घेताना आपण हे शब्द वापरतोच की.

टीचर, ह्यात एक मात्र जपा. नाव वेगळं म्हणजे झाड वेगळं असं नसतं तसं नाव एक म्हणजे झाड एक असंही नसतं. रानतुळस म्हणून चार गावांत चार वेगळी झाडं दाखवतील. अंबाडी म्हणूनसुद्धा दोन झाडं आहेत, एक जिचा वाख, म्हणजे सालीचा धागा, काढून दोर वळायचे आणि पाला भाजीला, आणि दुसरी लाल, जिची बोंडं मांसल असतात आणि त्यांचं सरबत, चटणी करतात. पहिलीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, कारण पान गांजाच्या पानासारखं चिरलेलं, दुसरी हिबिस्कस सॅबडारिफा. म्हणून उत्तराच्या वहीत शास्त्रीय नाव एका कोपऱ्यात लिहून ठेवा, पोरांना पाठ करायला नको, पण वाद झाला तर कुठलं झाड हे ठरवायला लागतंच. आणि शंका असेल तिथं तुम्ही एकट्या निकाल देऊ नका. आयनॅचरलिस्ट म्हणून ॲप आहे, तिथंसुद्धा एकाच्या सांगण्यावर नाव पक्कं होत नाही, कमीत कमी दोघं लागतात आणि सांगणाऱ्यांतल्या दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत व्हावं लागतं. वर्गात पण तसं करून बघा, झाड समोर ठेवून.

---

निपाणीकर_शेती

पुंडीची भाजी जोंधळ्याच्या कण्या घालून, वरनं लसणाची फोडणी, आणि बाजूला कडक भाकरी. आमच्यात सगळी पुंडीच म्हणत्यात, आमी मराठीच हाय. बाणासाहेब या एकदा जेवायला.

---

जांबोटीकडचा

सगळं वाचलं, छान चाललंय. मी जांबोटी कणकुंबी पट्ट्यातला, पोरांना घेऊन सडे, म्हणजे कातळाची पठारं, फिरवतो. एक फोटो सुचवतो आणि एक काळजी सांगतो.

फोटो दवबिंदूचा. पाऊस ओसरला की कातळावरच्या ओल्या जागेत, नखाएवढी लालसर पानं, प्रत्येक केसाच्या टोकावर थेंब. पोरं दव म्हणतात. मग त्यांना दुपारी बारा वाजता घेऊन जायचं, सगळं दव गेलेलं असतं आणि ह्याचे थेंब तसेच. तो डिंकासारखा चिकटा असतो, चिलट बसलं की अडकतं, केस हळूहळू आत वळतात आणि झाड त्याला जिरवतं, कारण कातळावरच्या मातीत नत्र जवळजवळ नसतं. शेजारीच सीतेची आसवं निळी जांभळी पसरलेली असतात, तीपण किडेखाऊच, पण त्यांचे सापळे खाली चिखलात, बारीक फुग्यांसारखे, त्याला मुळं नसतातच. वरचं फूल इतकं नाजूक आणि खाली हे. माझ्या मते आपल्या भागात ह्याच्याइतका चांगला जवळचा फोटो दुसरा नाही.

काळजी अशी की हा फोटो काढायला पालथं झोपावं लागतं, आणि एक माणूस पालथा झोपला की त्याच्या पोटाखाली शंभर रोपं चिरडतात. मी स्वतः पाच वर्षांपूर्वी असं करून बसलोय, उठल्यावर खालची जागा बघून फार वाईट वाटलं. पायवाटेच्या कडेलाच जे रोप असेल त्याचाच फोटो, नसेल तर नाही. आणि तुमच्या त्या पोरानं पुंडी उपटून आणली ते परसातलं होतं म्हणून ठीक, पण खेळासाठी जंगलातलं उपटायचं नाही हे पहिल्या दिवशीच सांगा. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथलं पानसुद्धा तोडायला परवानगी नाही.

आणखी दोन झाडं फक्त फोटोतच ठेवा. कळलावी, पाकळ्या ज्वाळेसारख्या आणि पानाचं टोकच लांब होऊन स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, त्या टोकाचा फोटो फार सुंदर येतो, पण तिचा कंद भयंकर विषारी. आणि खाजकुइलीची शेंग, सोनेरी मखमल दिसते आणि पोरांना हात लावायचा मोह होतोच. लेन्स लावून जवळ गेलात तर वाऱ्यानं उडालेली लव तुमच्याच मानेवर येते.

---

खानापूरची_टीचर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवार होता, काय झालं ते सांगते.

आधी वर्गासमोर सांगितलं की त्या दिवशी पुंडी बरोबर होतं आणि टीचरचं चुकलं होतं. वहीत त्याचा मार्क दुरुस्त केला, भेंडीवाल्यांना अर्धा अर्धा दिला. मग सरांनी सांगितलं तसं भेंडीचं आणि अंबाडीचं फूल उलटं करून सगळ्यांच्या हातात फिरवलं, भिंग एकच होतं तर रांग लागली. अंबाडीच्या गाठीवर खरंच मुंगी होती, एका पोरीनं ती भिंगातनं चालताना बघितली आणि किंचाळली.

उसाचा फोटो सहा जणांनी ओळखला. सहाही जण मागच्या बाकावरचे, निपाणीकर दादा, तुम्ही म्हणालात तस्संच. त्यातल्या एकानं पुढं येऊन फळ्यावर टिपरी काढून कुठल्या ठिपक्यातनं काय येतं ते सगळं समजावून सांगितलं, मी त्याला वर्षभरात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात डब्यात माती घालून टिपरी लावायची ठरलीय.

आणि आता फोटो काढायची पाळी पोरांची. पहिला मान पुंडीवाल्याला दिला. त्यानं काल दुपारी माझ्याच मोबाईलवर शाळेच्या कुंपणावरचा एक फोटो काढलाय, तो अपलोड अजून होईना, तर परत शब्दांत. तीन काळे गोल दाणे, मिऱ्याएवढे, गुळगुळीत. प्रत्येकावर एक पांढरा शुभ्र बदाम, पत्त्यातला असतो तसा, रंगानं काढल्यासारखा. शेजारी मोहरीचा दाणा ठेवलाय त्यानं, मी न सांगता. मला येत नाही, खरंच येत नाही, आणि तो सांगायला तयार नाही.

---

निपाणीकर_शेती

कपाळफोडी! वेल असती, कुंपणावर चढती, कंदिलागत फुगलेली हिरवी शेंग, आत तीन कप्पे आणि एकेका कप्प्यात एक दाणा. ल्हानपणी शेंगा कपाळावर फट् करून फोडायचो आमी. दाणा शेंगेत जिथं चिकटलेला असतो तिथंच तो पांढरा बदाम उठतो. बरोबर हाय का विचारा, आणि त्येच्या घरात तिला काय म्हणत्यात तेपण विचारा, मला हे एकच नाव म्हाईत हाय.

---

खानापूरची_टीचर

बरोबर म्हणाला, हसला पण. घरातलं नाव त्यालाही येत नाही, आजीला विचारून सोमवारी सांगतो म्हणालाय.